नाडी नसलेला पाइप

प्रिय नोझल,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच, की ही बया आता पत्रं लिहायला लागली. हस, खुशाल हस. वाढदिवसाच्या कार्डापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि त्यातलाही मजकूर तू सांगायचीस, मी नुसती खाली सही करायचे. पण करणार काय? फोन तू उचलत नाहीस. तुझ्या वहिनी उचलतात आणि 'ताई आत्ताच झोपल्यात' म्हणतात. सकाळी केला तरी ताई आत्ताच झोपलेल्या, संध्याकाळी केला तरी आत्ताच झोपलेल्या. वहिनी साध्या आहेत गं, त्यांना खोटं बोलायची सवय नाही. त्या बोलत असताना मागे तू खोकतेस ते मला स्वच्छ ऐकू येतं. त्यांची त्या पेचातून सुटका करावी म्हणून हे पत्र. पत्राला काही ताई झोपल्यात म्हणून परत पाठवता येत नाही.

परवा तुझा भाऊ वर्कशॉपमध्ये येऊन गेला. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तुझा निरोप सांगितला. ताई आता येणार नाही म्हणते, तिची हत्यारं तुम्हाला लागतील ती ठेवून घ्या, उरलेली कुणा शिकणाऱ्याला द्या, आणि दारावरच्या पाटीतलं तिचं नाव तेवढं काढून टाका. बिचारा निरोप सांगताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, टेबलाला बसवलेल्या पकडीला, आपल्या व्हाइसला, लागलेलं ग्रीस नखाने खरवडत उभा होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, घरी सगळे बरे आहेत ना विचारलं. निरोपाला मात्र हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आता तुलाच सांगते. तुझी हत्यारं भिंतीवर जिथल्या तिथे आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही. पाटी होती तशीच आहे. मला एवढंच हवं आहे की तू परत कामावर यावंस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी आडून आडून काय सुचवते आहे याचा विचार करत तुला वाचावं लागणार नाही. काल एक गोष्ट घडली, म्हणून आज लिहायला बसले. ती मात्र शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तू बाकीचं वाचणार नाहीस, पत्र घडी करून उशीखाली ठेवशील. मी ओळखते तुला.

आपल्या तंत्रशाळेतून फोन आला होता. तू त्यांना कबूल केलं होतंस ना, शेवटच्या वर्षाच्या मुलांना इंजिनात इंधन कसं जातं ते शिकवायला येते म्हणून? त्यांना तुझं काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं, तिला सध्या बरं नाही. तर त्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, मग तुम्ही या, तुम्ही दोघी एकच ना. आता काय सांगू त्यांना? एकच असतो तर मास्तरांनी आपल्याला दोन नावं का ठेवली असती? आठवतं ना, पहिल्याच वर्षी म्हणाले होते, ही जाडी नुसती मागून ढकलते, ती बारकी नुसती फवारते, दोघी मिळून एक पंप आणि एक नोझल. सगळा वर्ग हसला होता आणि आपण दोघी रडकुंडीला आलो होतो. पुढे तीच नावं आपण मिरवली. तर मी, पंप, आख्खा सिलिंडर हेड एकटीने उचलेन, पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की मी पळवाट शोधते. तरी गेले. तुझा शब्द खाली पडू नये म्हणून गेले, हे आधी मान्य कर.

पहिल्या तासाला आपल्या कपाटावरचा तो जुना कार्ब्युरेटर नेला, मास्तरांनी अर्धा कापून आतलं दाखवायला ठेवला होता तो. वर्गातल्या एकानेही आयुष्यात कार्ब्युरेटर पाहिलेला नव्हता. एकाने तर विचारलं, हा नळ आहे का? मग मी तुझीच बाटली काढली, अत्तराच्या फवाऱ्याची. तू लोकांना समजवायचीस तसं सांगितलं. फुगा दाबला की नळीच्या तोंडावरून वारा जोरात जातो आणि त्याच्या ओढीने खालचं अत्तर वर चढतं. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा अशीच एका अरुंद गळ्यातून जोराने जाते आणि बारीक भोकातून पेट्रोल ओढून घेते. यात कुणी विचार करत नाही, मोजत नाही. इंजिन जितका मोठा श्वास घेईल तितकं पेट्रोल मिळेल. थंडीत गाडी चालू होत नसेल तर चोक ओढायचा, म्हणजे हवेची वाट अडवायची, की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी गरम झाली आणि चोक तसाच राहिला तर काळा धूर. वाक्यागणिक मला घाम फुटत होता. बाटलीतलं अत्तर मात्र इतकं फवारलं गेलं की पुढच्या तासाचे शिक्षक आत येताना दारातच थबकले.

दुसऱ्या तासाला जरा धीर आला. कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं, इथपासून सुरुवात केली. तुझं ते जेवणाच्या टेबलाचं उदाहरण वापरलं. पहिल्या पद्धतीत कार्ब्युरेटरच्या जागी फक्त एक नोझल बसवली, ती दारातच फवारणार आणि तिथून चारही सिलिंडरना वाटून जाणार. म्हणजे एक भांडं टेबलाच्या एका टोकाला ठेवलं आणि हातोहात पुढे सरकवा म्हटलं. जवळच्याच्या ताटात ओघळ जाईपर्यंत भाजी, शेवटच्याच्या ताटात रस्सा. मग दुसरी पद्धत, प्रत्येक सिलिंडरला आपली स्वतंत्र नोझल, अगदी व्हॉल्व्हच्या मागे उभी. म्हणजे प्रत्येकाच्या मागे वाढायला एक माणूस. सुरुवातीला हे सगळे वाढणारे एकदम वाढायचे, कुणाचा घास तोंडात असो नसो. पुढे ज्याची पाळी त्यालाच वाढायला शिकले. आणि मुदपाकखान्यात बसलेला तो कॉम्प्युटर. किती हवा आत आली, इंजिन किती तापलंय, पाय किती दाबलाय हे सेन्सरकडून विचारून घेतो आणि नोझल किती वेळ उघडी ठेवायची ते ठरवतो. पापणी लवायच्या आत उघडून मिटायचं, त्यातही थोडं जास्त वेळ की थोडं कमी, एवढाच सगळा खेळ. वर सायलेन्सरच्या वाटेवर धुराची चव घेणारा एक सेन्सर. तो सांगतो, जास्त झालं, पुढच्या वेळी हात आखडता घे.

इथे पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवालीने हात वर केला. म्हणाली, चव घेणाऱ्यालाच सर्दी झाली असेल तर? अगं, मला तुझी अशी आठवण आली. आपण त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या गाडीत तीन नोझल बदलल्या होत्या आणि शेवटी निघालं काय, तर तो चव घेणाराच बिघडलेला. मी वर्गाला सांगितलं, सर्दी झाली तर सगळ्या घराला अळणी जेवण. वर्ग हसला. माझ्या बोलण्यावर आख्खा वर्ग हसला, हे तुला सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही, पण खरं आहे. मग त्या जोरावर मी तिसरी पद्धतही सांगून टाकली, थेट सिलिंडरच्या आत फवारणारी. म्हणजे ताटबीट काही नाही, घास सरळ तोंडात. तिथे आत मोठा दाब असतो, म्हणून फवारायलाही तसाच जोर लागतो. गाडी कमी पेट्रोलमध्ये पळते, पण व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचते, कारण पूर्वी येताजाता पेट्रोल ती धुऊन काढायचं आणि आता त्या वाटेने कुणी येतच नाही. ती काजळी खरवडताना तू आणि मी किती शिव्या घातल्या होत्या त्या इंजिन बनवणाऱ्यांना, ते मात्र सांगितलं नाही. शिक्षक म्हणून गेले होते ना.

वर्कशॉपची खबर द्यायची राहिली. पंखा दुरुस्त झाला, आता करकरत नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं होतं. समोरच्या स्पेअर पार्टवाल्याने दुकानाला नवा रंग दिला, भयंकर पिवळा. तू असतीस तर त्याला तोंडावर सांगितलं असतंस, मी छान आहे म्हणून आले. त्याने तुझी दोनदा चौकशी केली. सगळेच करतात. टॅक्सीवाले काका येतात, तुझ्या स्टुलाकडे बघतात आणि बघितलंच नाही असं दाखवतात. माझा नवरा म्हणतो तुझी मैत्रीण नसली की तू घरी येऊन जास्त बोलतेस, ती लवकर बरी व्हायला हवी. मला बोलताना मात्र जपावं लागतं. आपल्या भाषेत जिथे तिथे बोट आहे, हे मला या दिवसांतच कळलं. कुणाकडे बोट दाखवणं, बोटावर नाचवणं, तोंडात बोट घालणं, बोट दिलं तर हात धरणं. परवा एका गिऱ्हाइकाला म्हणणार होते, नेमक्या दोषावर बोट ठेवता येत नाही. अर्ध्यात थांबले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

डिझेलचा तास पुढे ढकलता येईल तितका ढकलला. का, ते तुला ठाऊक आहे. पेट्रोलची इंजिनं आपण पोटासाठी केली, जीव डिझेलवर. तिथे ठिणगी नाही, काही नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आत पडताक्षणी पेटलं पाहिजे. जुन्या गाड्यांत पंपातून प्रत्येक सिलिंडरला एक बारीक लोखंडी पाइप जायचा आणि पंपाने ढकललं की त्या पाइपातून एक ठोका जायचा. ती पाइपची नाडी. तू डोळे मिटून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत तो पाइप धरायचीस, इंजिन धडधडत असायचं, आजूबाजूला हॉर्न, हातोडे, आणि तू एकदम शांत. पहिला, दुसरा, तिसरा असे पाइप बघत जायचीस आणि म्हणायचीस, तिसरी नोझल मेली आहे. मी तिसऱ्याचा नट सैल करून बघायचे, इंजिनाच्या आवाजात काही फरक पडायचा नाही. म्हणजे तिसरी मेलेलीच. लोक लांबून यायचे, नाडीवाल्या बाई आहेत का विचारत. एकदाच तुझं चुकलं आणि तेव्हा तू म्हणालीस, इंजिन खोटं बोललं. तुझा तो ऐटीत मागे झुकायचा ढंग आणि हात पुसत गिऱ्हाइकाला सांगायची तऱ्हा, मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. धोका तेव्हाही होताच. पण आपल्याला कधी काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून हाताला ते पक्कं बसलं.

मग डिझेलची नवी पद्धत आली, कॉमन रेल. मी तोंड वाकडं केलं होतं आणि तू जाडजूड पुस्तकं आणून बसलीस. मला तूच शिकवलंस. आता पंप प्रत्येकाला वेगवेगळं ढकलत नाही. एका जाड नळीत डिझेल भरून ठेवतो, आणि ते सदा दाबाखाली. टायरमध्ये हवा भरतो त्याच्या कित्येक शेकडो पट दाब. सगळ्या नोझल त्या नळीला जोडलेल्या, आणि त्यांना उघडतो कॉम्प्युटर, विजेने. एका घासाचेही तुकडे करून देतो. आधी एक इवलासा, आतलं वातावरण तापवायला, मग मुख्य घास. म्हणून नव्या डिझेल गाड्या पूर्वीसारख्या खडखडत नाहीत. आणि ठोका नाही, म्हणून नाडीही नाही. तू मला म्हणाली होतीस, या पाइपला नाडीच नाही, इथे आपण वैद्य नाही, नुसत्या वाचक. स्कॅनर सांगेल ते वाचायचं. मला त्या वाक्याचं वाईट वाटलं होतं, तुला नाही वाटलं. उलट तूच पुठ्ठा कापून भिंतीवर टांगलास, त्यावर लाल रंगाने लिहिलंस, हात खिशात, पुठ्ठा पाइपवर. म्हणजे गळती बोटाने नाही, पुठ्ठा धरून शोधायची. दिसणार नाही इतकी बारीक चीर असली तरी तिथून निघणारी धार हातमोजा फाडून कातडीत शिरते आणि हात आतून सडवते, हे तू येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचीस. मलासुद्धा सतरा वेळा ऐकवलंस.

आणि त्या दिवशी ती कुरिअरवाल्याची व्हॅन. मधूनच ठोका चुकवत होती, मिसिंग करत होती, डिझेलचा वास येत होता. मी बाकावर पाठमोरी बसून नोझल धूत होते. तू ओरडलीसुद्धा नाहीस. मी वळले तेव्हा तू बोटाकडे बघत होतीस आणि म्हणालीस, मुंगी चावल्यासारखं झालं. सुई टोचावी एवढा ठिपका, रक्तसुद्धा नाही. आणि मग तुझ्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, कारण तो ठिपका म्हणजे काय हे आपल्या आख्ख्या गल्लीत फक्त तुला नीट माहीत होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक क्षण वाया घालवला नाही, स्वतः फोन करून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सर्जनने तळहातापर्यंत उघडून सगळं डिझेल धुऊन काढलं. हात वाचला. बोट नाही वाचलं. अंगठा पूर्वीसारखा वाकणार नाही म्हणाले. तू शुद्धीवर आलीस तेव्हा मी पलंगाशी बसून वेड्यासारखी बडबडत होते, होतं असं, आजकाल डॉक्टर काय काय करतात, तू काळजी करू नकोस. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस,

"मला माहीत होतं गं."

एवढंच म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस, हॉस्पिटलात मी रोज येऊन बसत होते तरी.

त्या वाक्याचा मी खूप विचार केला. आधी वाटलं, हाताचं दुःख आहे, जाईल हळूहळू. वहिनींनी सांगितलं, ताई हात स्वेटरच्या बाहीत लपवून ठेवतात, जेवायलाही आमच्याबरोबर बसत नाहीत. तेव्हा वाटलं, तुला त्या हाताची लाज वाटते. आता मला तसं वाटत नाही. तुला चुकीची लाज वाटते. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तू त्याला आधी झापलं असतंस आणि मग डबा घेऊन भेटायला गेली असतीस. पण जिने पुठ्ठा टांगला तिचंच बोट जावं, हे तुला सहन होत नाही. लोक म्हणतील, दुसऱ्यांना शिकवत होती. नोझल, लोक असलं काही म्हणत नाहीत गं. पार्टवाल्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं, त्याच्या त्या पिवळ्या दुकानात. पण मी सांगून तुला पटणार नाही, हेही मला माहीत होतं. म्हणून इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतंच.

तर डिझेलचा तास. जुना पंप सांगितला, नाडी सांगितली, मुलं खूश झाली. कॉमन रेल सांगितली. चष्मेवालीने बरोबर तोच प्रश्न विचारला, नाडी नाही तर कुठली नोझल बिघडली ते कळणार कसं? मी सांगितलं, स्कॅनर लावायचा, प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला बाटली लावून कुणाची बाटली लवकर भरते ते बघायचं, म्हणजे ती बिघडलेली, आणि गळतीचा संशय असेल तर पुठ्ठा धरायचा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, आमच्या गॅरेजात सगळे बोटानेच बघतात, काही होत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे उत्तर होतं, खरंखुरं, एका वाक्यात सगळा वर्ग गप्प करणारं. पण ते तुझ्या हाताचं होतं, आणि तुझ्या हाताची गोष्ट तुला न विचारता चारचौघांत सांगायचा मला काय अधिकार? मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगते. आणि तास संपायच्या आधीच पिशवी उचलून बाहेर पडले.

आता कालचं सांगते. एका बेकरीची व्हॅन आली. कॉमन रेल, गाडी जागेवर चालू, डिझेलचा वास. मी बॉनेट उघडलं. आदल्याच दिवशी वर्गात पुठ्ठ्याबद्दल बोलून आले होते. तुझा पुठ्ठा माझ्या डोक्याच्या वर टांगलेला होता. बँडेजमधला तुझा हात मी रोज पाहिलेला आहे. हे सगळं असून माझा हात पुढे गेला. मी पाठवला नाही, तो गेला. अंगठा आणि पहिलं बोट, बरोबर तुझ्यासारखी चिमूट करून, नाडी बघायला. पाइप वीतभर राहिला होता, तेवढ्यात मागून ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चहा सांगू का?" मी मान वळवून म्हटलं, सांग, साखर कमी. पुन्हा समोर बघितलं तेव्हा मला माझा हात दिसला. गाडी बंद केली आणि तुझ्या स्टुलावर बसले. चहा आला तो तसाच निवला. नंतर पुठ्ठा लांब काठीला बांधला, ड्रायव्हरला गाडी चालू करायला लावली आणि धरला. धार होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण पुठ्ठ्यावर सुरीने ओढावी तशी रेघ उमटली. माझी चिमूट जिथे बसणार होती, बरोबर तिथे.

म्हणून लिहिते आहे. मलाही माहीत होतं गं. तुझ्याइतकंच, आणि तुझं झालेलं बघून तुझ्याहूनही जास्त. नवीन सगळं आपण डोक्याने शिकलो, हाताला कुणी सांगितलंच नाही. तो अजून जुन्याच गाडीवर आहे. तू मूर्खपणा केला नाहीस. तुला त्या दिवशी कुणी चहाचं विचारलं नाही, इतकाच तुझ्यात आणि माझ्यात फरक आहे. कालपासून एकटीने बॉनेट उघडायची मला भीती वाटते, हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते. मला समोर कुणीतरी उभं हवं आहे, माझ्या हाताकडे डोळे लावून आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात 'हात काढ' म्हणणारं, आणि तुझ्या तोंडाला काही एक झालेलं नाही. नोझल कशी धुवायची, पाना कसा धरायचा ते नंतर बघू, तुझा अंगठा जेवढा वाकेल तेवढ्याने. गुरुवारी वर्गात यायचं तर ये, हात बाहीतून काढ नाहीतर काढू नकोस, काही सांग नाहीतर मागे बसून माझी फजिती बघ. पण वर्कशॉपमध्ये ये. माझी बोटं अजून दहाच्या दहा आहेत. ती तेवढीच राहावीत म्हणून तरी ये.

तुझीच,
पंप